शर्यत आधीच ठरलेली हाय, सायेब

मला आयुष्यात शौक असा एकच होता. दारू नाही, पत्ते नाहीत, क्रिकेटसुद्धा फारसं नाही. रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर पाय पसरून परदेशातल्या मोटारींच्या शर्यती बघायच्या, एवढाच. हा एवढासा शौक माझ्या घरमालकांनी दोन वर्षांत असा नासवला की आज बदली होऊन मी दुसऱ्या जिल्ह्यात आलो, दाराला आतून कडी घालून बसतो, तरी शर्यत निवांत बघता येत नाही. गाड्या सुटायच्या आधीच कानाशी ते वाक्य येतं, "काहून बघून राहिले सायेब? ठरलेलं हाय सगळं."

वारंगा फाट्यावर त्यांचं घर होतं. पुढच्या बाजूला पंक्चरचं दुकान आणि एक हॉटेल, दोन्ही भाड्याने दिलेली. मागे ते आणि त्यांची बायको राहायची आणि वरच्या खोल्यांत मी, विजेच्या सबस्टेशनचा ज्युनिअर इंजिनिअर. सगळा फाटा त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही मामा म्हणू लागलो, आणि ओघानेच त्यांची बायको मामी झाली. मूळ गाव फाट्यापासून थोडं आत होतं, शेतीही तिकडेच. मामांची साठी उलटलेली, खांद्यावर दस्ती, पायात कायम धुळीने भरलेल्या चपला. कुठलीही गोष्ट ऐकली की उजवा डोळा बारीक करायचे. तो डोळा बारीक झाला की समजावं, आता जगातला आणखी एक गुप्त सौदा उघडकीला येणार.

कारण मामांच्या मते जगात आपोआप काही घडतच नव्हतं. शाळेच्या लेझीम स्पर्धेत पहिला नंबर आला तर परीक्षकाची सोयरीक कुठल्या गावात आहे ते आधी बघायचं. गणपतीच्या देखाव्याला बक्षीस मिळालं तर मंडप कोणाचा होता ते विचारायचं. एकदा शिरड शहापूरला चांगला पाऊस झाला आणि आमच्या फाट्यावर नुसती धूळ उडाली. मामा आभाळाकडे बघून म्हणाले, "ह्यात बी काहीतरी हाय सायेब." मी म्हटलं, "मामा, ढगांशी कोण सेटिंग करणार?" तर म्हणाले, "ते मला मालूम असतं तर म्या हितं बसलो असतो का?" या माणसाशी वाद घालणं म्हणजे रेड्याचं दूध काढणं होतं, पण मी दोन वर्षं ते काढत राहिलो.

ते पहिल्यांदा वर आले तेही संशय घेऊनच. गाड्यांची घरघर खाली ऐकू गेली आणि बोअरची मोटर जळतेय असं वाटून ते धावत जिना चढले. "सायेब, मोटर जळून राहिली का कुठं?" मी हसून टीव्ही दाखवला. तिथेच चुकलो. त्यांना बसायला खुर्ची दिली, ही त्याहून मोठी चूक. आणि मग उत्साहाच्या भरात त्यांना शर्यत समजावून सांगायला लागलो. फाट्यावर येऊन मला बरेच दिवस झाले होते, या विषयावर बोलायला कोणी भेटलंच नव्हतं. मी सांगितलं की एकेका टीमच्या दोन-दोन गाड्या असतात, वर्षभर वेगवेगळ्या देशांत शर्यती होतात, नंबराप्रमाणे गुण मिळतात आणि वर्षाअखेर ज्याचे गुण जास्त तो जगज्जेता.

मामांचा उजवा डोळा बारीक झाला.

"दोन गाड्या एकाच मालकाच्या?"

"हो."

"दोघंबी पुढंच जाऊन राहिले?"

"हो ना. दोघांनाही जिंकायचं असतं."

"मालक एक, पगार देनारा एक, अन् शर्यत दोघांत?" मामांनी दस्तीने तोंड पुसलं. "तुमी इंजिनियर हाव सायेब. तुमाला पटते हे?"

खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही, आणि त्याचाच राग येतो. त्या दिवसापासून शर्यतीच्या प्रत्येक रविवारी दारावर थाप पडू लागली. मी बघायचो शर्यत आणि मामा बघायचे पुरावे. कुठे अपघात झाला, सगळ्यांना हळू करायला ट्रॅकवर सेफ्टी कार आली आणि मागे पडलेल्या गाड्या पुन्हा पुढच्यांना चिकटल्या की मामा खुर्चीतून अर्धे उठायचे. "ही गाडी कोनाच्या सांगन्यावरून आली? मागं कोन पडला व्हता? बघा, बघा तुमी!" टायर बदलायला एखाद्याला वेळ लागला की, "इतके मानसं मिळून येवढा येळ? खाली आपला पंक्चरवाला एकटा बदलते." शर्यत संपल्यावर कोण जिंकलं असं ते कधीच विचारायचे नाहीत. विचारायचे, "आज कोनाला जिंकवलं?" मी कानाला हेडफोन लावून बघितलं, तर ते शेजारी बसून माझ्या मांडीवर चापट मारून पुरावा दाखवायचे.

पण कहर झाला तो उन्हाळ्यात. शर्यतीच्या शेवटच्या फेऱ्या चालल्या होत्या आणि बाहेर वावटळ उठली. धाडकन लाईट गेली. टीव्ही बंद. मी शिव्या देत बूट चढवले, कारण लाईन ट्रिप झाली की मलाच पळावं लागायचं. कुठेतरी बाभळीची फांदी तारेवर पडली होती. ती शोधून, काढून, लाईन चालू करून मी धुळीने माखून परत आलो तर मामा पायरीवर बसलेले. माझ्याकडे बघून नुसते हसले. दुसऱ्या दिवशी हॉटेलात गेलो तर चार अनोळखी माणसं उठून उभी राहिली. मामांनी पहाटेपासून सगळ्या फाट्याला सांगितलं होतं, "आपले सायेब लई पोचलेले हायेत. बराबर निकालाच्या टायमाला लाईन बंद. परदेशातून फोन येते त्यांना." त्या आठवड्यात दोन शेतकरी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, आमच्या शेतातल्या जळलेल्या डीपीचं बी तेवढं बघा की, तुमचं वर वजन हाय म्हनतेत. मी चिडून मामांना जाब विचारला. ते म्हणाले, "म्या तुमची इज्जत वाढवली, अन् तुमी मलाच रागावता?"

त्या वर्षी पिवळ्या गाड्यांची टीम फार जोरात होती. तिच्या दोन ड्रायव्हरांची नावं मामांना उच्चारता येत नव्हती, म्हणून त्यांनी एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा करून टाकलं. हंगामाच्या सुरुवातीच्या एका शर्यतीत धाकटा पुढे होता, थोरला मागून जोरात येत होता. रेडिओवरून धाकट्याला टीमचा हुकूम आला, बाजूला हो, त्याला जाऊ दे. धाकटा निमूट बाजूला झाला. मामांनी मांडीवर थाप मारली, या वेळी स्वतःच्या.

"समजलं! सायेब, समजलं मला. ह्ये आपल्या ग्रामपंचायतीवानी हाय. अडीच-अडीच वर्षाचं."

"काय?"

"पयले अडीच वर्ष याचे, मंग राजीनामा देऊन अडीच वर्ष त्याचे. तसं यांचं ठरलेलं हाय. अर्धं वर्ष थोरल्याचं, अर्धं धाकट्याचं. आता थोरला खाऊन राहिला. दिवाळीपासून धाकट्याचा नंबर, लिहून घ्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, मामा, तिथे ग्रामपंचायत नसते. मामा म्हणाले, "मानसं असतेत ना?"

मग त्यांनी मला त्यांची स्वतःची हकीकत सांगितली. ती सांगताना मात्र त्यांचा डोळा बारीक नव्हता. सरपंच जेव्हा निवडून आलेल्या मेंबरांतून व्हायचा, तेव्हाची गोष्ट. गावात दोन पार्ट्या, दोन्हीकडे मेंबर सारखे, आणि सरपंचाची जागा बाईसाठी. मामींना त्यांनी मेंबर करून आणलं होतं. मारुतीच्या देवळात बसून दोन्ही बाजूंनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली. पहिली अडीच वर्षं समोरच्या पार्टीची बाई सरपंच, मग ती राजीनामा देईल आणि मामी सरपंच होतील. "आमच्या हिनं तर झेंड्याची गाठ बी शिकून घेतली व्हती शाळेतल्या गुरुजीकडून," मामा म्हणाले. "दोरी वढली अन् फुलं पडली न्हाई तर गाव हासते ना. नवं लुगडं आनून ठेवलं व्हतं. पन अडीच वर्ष झाले, समोरच्याईनं शब्द मोडला. बेलभंडारा उचलून शब्द मोडला, सायेब."

मी विरघळलो. मला वाटलं, एवढा मोठा दगा खाल्लेला माणूस सगळीकडे दगाच बघणार. त्यानंतर मी त्यांच्यावर थोडा कमी चिडू लागलो. त्यांनी मात्र आपला सिद्धांत फाटाभर पसरवला. ज्यांनी जन्मात असली शर्यत पाहिली नव्हती ती माणसं चहाच्या टपरीवर मला अडवून विचारू लागली, "काय सायेब, थोरल्यानं राजीनामा दिला का न्हाई?"

दिवाळी झाली. थोरल्याने काही राजीनामा दिला नाही. धाकटा स्वतःच्याच हिमतीवर गुण मिळवत गेला. शेवटची शर्यत आली तेव्हा जगज्जेता थोरलाही होऊ शकत होता, धाकटाही, आणि एक निळ्या गाडीवालाही. मामा दुपारपासून वर येऊन बसले होते. त्या दिवशी मामीही सूप आणि तुरीची डाळ घेऊन आल्या आणि दाराशी बसून डाळ निवडू लागल्या. मामी एरवी वर कधी यायच्या नाहीत. उंच, काटक बाई, बोलणं मोजकं.

शेवटच्या फेऱ्या. धाकटा पहिला, त्याच्या मागे थोरला, आणि निळा दोघांना गाठत आलेला. असाच पहिला राहिला असता तर धाकटा जगज्जेता होता. आणि रेडिओवर हुकूम आला. दोघं भांडत बसाल तर निळा फायदा घेईल, थोरला जास्त वेगात आहे, त्याला पुढे जाऊ दे. धाकट्याने गाडी तशीच पुढे दामटली. एक फेरी तशीच गेली. मग त्याची गाडी सरळ रस्त्यावर हळू झाली आणि थोरला पुढे निघून गेला.  इतकी वर्षं मी ज्याला शर्यत म्हणत होतो ती बंद खोलीतल्या चार माणसांनी उरकून टाकली होती, आणि मामांसमोर मला तोंड उघडायला जागा राहिली नव्हती.

मामा उभे राहून ओरडत होते. "शब्द मोडला! बघा सायेब, शब्द मोडला! आता त्याची बारी व्हती!"

"त्या लेकराला कोनी इचारलं व्हतं का?" मामींनी डाळीवरची नजर न काढता विचारलं. "थांबायचं हाय का तुला, म्हनून?"

"त्याला काय इचारायचं? टीमचा निर्णय असते तो."

"व्हय. आपल्या बी घरी टीमचाच निर्णय झाला व्हता." मामींनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "सायेब, यांनी तुमाला सांगितलं असंल की समोरच्याईनं राजीनामा दिला न्हाई. ती बाई बिचारी आली व्हती आमच्या दारात. म्हने, माझे अडीच वर्ष झाले, उद्या राजीनामा देते, आता तुमी बसा. यांनीच तिच्या नवऱ्याला बाजूला नेलं. फाट्यावरच्या ह्या जागेवर घर बांधायला ग्रामपंचायतीचं नाहरकत पायजे व्हतं. म्हने, राहू द्या तुमच्याच बाईला, आमाला नाहरकत द्या. मला घर बांधून झाल्यावर कळलं. तुमी बसले ना ह्या खोलीत, ते माझे अडीच वर्ष हायेत."

टीव्हीवर जगज्जेत्या थोरल्याच्या अंगावर दारूचे फवारे उडत होते. मामांनी दस्ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकली, आणि बक्षीस समारंभ न बघता पहिल्यांदाच जिना उतरून गेले.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. दोन वर्षं हा माणूस मला जगातल्या बेइमानीवर प्रवचन देत होता आणि सगळ्यात पक्की सेटिंग याच्याच घरात झालेली! पुन्हा वर आले तर चार शब्द सुनवायचे, असं मी ठरवून ठेवलं. पण ते आलेच नाहीत. नवा हंगाम सुरू झाला, रविवार येऊन गेले, दारावर थाप पडली नाही. मी एकटा शर्यत बघत बसलो आणि मला करमेना, याचाही पुन्हा रागच आला.

तेवढ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आता सरपंच थेट मतदानातून होणार होता, आणि जागा पुन्हा बाईसाठी होती. मामी शेजारणीला सोबत घेऊन तालुक्याला कळमनुरीला गेल्या आणि अर्ज भरून आल्या. मामांना त्यांनी ही बातमी जेवताना सांगितली. हातचा घास तसाच ठेवून मामा जिना चढून वर आले, कित्येक महिन्यांनी. "सायेब, ही बाई माझं ऐकून न्हाई राहिली." मी म्हटलं, "फार चांगलं झालं." ते उलट्या पावली परत गेले.

गावातल्या मोठ्या माणसांना ही निवडणूक बिनविरोध करायची होती. त्यांच्यातल्याच एकाची सून सरपंच व्हावी असं देवळात ठरलं होतं, फक्त मामींचा अर्ज आडवा येत होता. अर्ज मागे घ्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी ते पाचसहा जण मामांच्या अंगणात येऊन बाजेवर बसले. मी ड्युटीला निघालो होतो, जिन्यातच थांबलो. मामी आत चहा करत होत्या. येणाऱ्यांतल्या म्हाताऱ्याने खिशातून कागदाची पुडी काढून बाजेवर ठेवली. ते भंडाराच घेऊन आले होते.

"मामा, बाईचा अर्ज मागं घ्या. उपसरपंच तुमी. पुरे अडीच वर्ष."

मामांचा उजवा डोळा बारीक झाला. दोन वर्षांत मी त्या डोळ्याला चांगला ओळखायला लागलो होतो. या माणसाला असली बैठक, असली कुजबुज मनापासून आवडत होती.

"उपसरपंचाचं पक्कं?" मामांनी विचारलं.

"पक्कं. आत्ता भंडारा उचलू."

"पयले अडीच का नंतरचे?"

"पयले घ्या."

माझे हात जिन्याच्या कठड्यावर आवळले गेले. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मामी ऐकत होत्या हे मलाही कळत होतं आणि मामांनाही. मामांनी पुडीकडे बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि पुडी उचलून म्हाताऱ्याच्या हातात परत दिली.

"मला काहून इचारून राहिले? शर्यतीच्या गाडीत मागं सीट नसते. चालवनारी ती हाय, तिला इचारा."

ती माणसं एकमेकांकडे बघू लागली. हे कसल्या गाडीबद्दल चाललंय ते त्यांना समजेना. मामी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "चहा घ्या," त्या म्हणाल्या. "अर्ज म्या मागं घेत न्हाई."

प्रचारात मामांनी सगळ्यांना जेरीला आणलं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या नाईकाशी आपण एकट्यानेच बोलून येतो, एवढंसं काही ठरवून टाकतो, असं ते रोज म्हणायचे आणि मामी रोज नाही म्हणायच्या. मामी स्वतः तांड्यावर गेल्या, बायांमध्ये बसल्या, पाण्याच्या टाकीबद्दल आणि रस्त्याबद्दल बोलल्या. मामा मागून पत्रकांची पिशवी घेऊन चालायचे आणि वाटेत भेटेल त्याला विचारायचे, "खरं सांग, तुला समोरच्याईनं काय कबूल केलं?" यानेच निम्मी मतं गेली असावीत असा मला आजही संशय आहे.

मतमोजणीच्या दिवशी मी दुपारी खाली हॉटेलात बसलो होतो. काळीपिवळी जीप थांबली आणि मामा-मामी दोघं उतरली. कोणाच्याही अंगावर गुलाल नव्हता.

"हारले, सायेब," मामी म्हणाल्या.

मी "वाईट वाटलं असेल," असं काहीतरी पुटपुटलो.

"वाटलं की. रडले बी तिथं. पंधरा ऑगस्टला झेंडा आता त्यांची सून वढल. वढू दे, तिनं जिंकून घेतला. म्या माझी मी हारले. कोनी थांब म्हनलं म्हनून न्हाई थांबले." आणि त्या पायरीवर टेकल्या.

मामांनी हॉटेलवाल्याला ओरडून सांगितलं, बसलेल्या सगळ्यांना चहा दे. लोक चकित झाले. जिंकल्याचा चहा सगळेच पाजतात, हरल्याचा कोणी पाजला नव्हता. कपबशा आल्या. तेव्हा बाकड्यावरचा एक जण, मामांकडूनच शहाणपण शिकलेला, समजूत घालायला म्हणून बोलला, "मनाला लावून घेऊ नका मामा. सेटिंग व्हती म्हनतेत. ठरलेलंच व्हतं सगळं."

मी डोळे मिटून घेतले. आता संध्याकाळपर्यंत सुटका नाही. कोणाची सोयरीक कुठे, कोणाची जीप कोणाच्या दारात, सगळं पहिल्यापासून ऐकावं लागणार.

बशी आपटल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर मामांनी त्या माणसाची कॉलर धरली होती.

"कोन म्हनलं ठरलेलं? कोन म्हनलं? माझी बायको खरी हारली हाय! लढून हारली, मतं कमी पडले तिला, बराबर मोजून कमी पडले! परत सेटिंग म्हनशील तर याद राख!"

आम्ही तिघांनी मिळून त्यांना कसंबसं मागे ओढलं. त्या माणसाचा चहा सगळा सांडला होता. मामांनी त्याच्यासाठी दुसरा कप मागवला, आणि तो स्वतः नेऊन त्याच्यापुढे ठेवला.